पर्यावरण परवान्यांचे बदललेले नियम: नवा कारखाना काढताना काय, कधी आणि कोणत्या क्रमाने

कारखाना काढायचा म्हटलं की माणूस आधी बँकेत जातो, मग प्लॉट बघतो, मग मशिनरीची कोटेशनं मागवतो. प्रदूषण मंडळाची आठवण होते ती कर्जाचा दुसरा हप्ता अडल्यावर किंवा वीजजोडणीच्या टेबलावर कुणी ‘कन्सेंट कुठाय?’ (म्हणजे मंडळाची संमती) विचारल्यावर. तोवर पाया भरलेला असतो, शेडचे खांब उभे असतात आणि मग जागा चुकली की गट चुकला हे शोधत बसावं लागतं. हा क्रम उलटा करायला हवा, आणि आता तर जास्तच. २०२३ पासून पर्यावरण परवानग्यांचे कायदे इतक्या झपाट्याने बदललेत की चार वर्षांपूर्वी ज्यांनी युनिट टाकलं त्यांचा सल्लाही आज जसाच्या तसा चालत नाही.

लहान आणि मध्यम उद्योगांचे कन्सेंटचे अर्ज तयार करणं हे माझं रोजचं काम. नव्या लोकांशी बोलताना एक समज सतत आडवा येतो: ‘आता सगळं सोपं केलंय म्हणे, जेलही काढून टाकली.’ हे अर्धंच खरं आहे. काही उद्योगांची परवानगी खरंच गेली, काही गुन्ह्यांतली कैद गेली. पण परवानगी देताना मंडळ जे तपासायचं त्याचा बराच भाग आता तुमच्या स्वतःच्या घोषणेवर आणि तुमच्या रजिस्टरवर आला आहे. चूक निघाली तर सांगायला ‘साहेबांनी बघितलं होतं’ हे वाक्य उरत नाही. खालच्या पायऱ्या हे ध्यानात ठेवून वाचा.

पायरी १: कोणता कायदा, कोणत्या तारखेचा

महाराष्ट्र या बाबतीत देशाच्या पुढे होता. आपल्याकडे १९६९ मध्येच राज्याचा जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा झाला आणि ७ सप्टेंबर १९७० रोजी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झालं. केंद्राचा जल कायदा आला १९७४ मध्ये, पण महाराष्ट्रात तो लागू झाला १ जून १९८१ पासून. मधली सात वर्षं राज्याचा जुनाच कायदा चालू होता.

हा इतिहास सांगण्याचं कारण आजच्या कामाशी आहे. पाणी हा राज्यांचा विषय, त्यामुळे जल कायदा संसदेने राज्यघटनेच्या कलम २५२ खाली, राज्यांनी ठराव करून दिल्यावर केला. त्यात दुरुस्ती झाली तरी ती आपोआप सगळीकडे लागू होत नाही. राज्याच्या विधिमंडळाने ठराव करून ती स्वीकारावी लागते. १९८१ चा हवा कायदा आणि भोपाळच्या वायुगळतीनंतर आलेला १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा कलम २५३ खाली आहेत, त्यांना असा ठराव लागत नाही.

आता अलीकडचे बदल या दोन खणांत टाका. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने ४२ कायद्यांतल्या १८३ तरतुदी बदलल्या. त्यांत हवा कायदा आणि पर्यावरण संरक्षण कायदाही आहेत, आणि या दोन्हींतले बदल १ एप्रिल २०२४ पासून देशभर लागू झाले. जल कायद्याची दुरुस्ती मात्र वेगळी, फेब्रुवारी २०२४ मध्ये संसदेत मंजूर झाली. ती सुरुवातीला हिमाचल प्रदेश, राजस्थान आणि केंद्रशासित प्रदेशांपुरती होती. बाकी राज्यांनी ठराव करून घ्यायची. म्हणून कुणी ‘नव्या कायद्यानुसार’ म्हणालं की तिथेच विचारा: हवेच्या की पाण्याच्या? आणि तुमच्या राज्यात ती दुरुस्ती कोणत्या तारखेपासून? कारखाना कागलला आणि दुसरं युनिट सीमेपलीकडे निपाणीला असेल, तर दोन्हीकडचं उत्तर स्वतंत्रपणे घ्या. गोव्यातल्या युनिटचंही तसंच.

पायरी २: आपला रंग ओळखा

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने उद्योगांचे रंग ठरवले आहेत: लाल, नारिंगी, हिरवा, पांढरा. मार्च २०१६ पासून हे रंग प्रदूषण निर्देशांकावर ठरू लागले. ६० आणि पुढे लाल, ४१ ते ५९ नारिंगी, २१ ते ४० हिरवा, २० पर्यंत पांढरा. जानेवारी २०२५ मध्ये ही यादी पुन्हा लिहिली गेली, गुणांच्या सीमा बदलल्या आणि निळा हा नवा गट आला. तो सांडपाणी आणि कचऱ्यावर प्रक्रिया करणाऱ्या, म्हणजे समाजाची घाण निस्तरणाऱ्या सेवांसाठी; त्यांना संमतीची मुदत दोन वर्षं जास्त ठेवली गेली.

रंग ठरतो तो तुम्ही काय विकता यावरून नाही, कसं बनवता यावरून. चामडं कापण्याचं आणि शिवण्याचं काम २०१६ च्या यादीत पांढऱ्यात होतं, चामडं कमावण्याचं काम लालमध्ये. रंगाई-धुलाई न करता हातमागावर विणणं पांढऱ्यात, पण तेच कापड रंगवलं, ब्लीच केलं, छापलं आणि सांडपाणी निघालं की लाल. कोल्हापूरची चप्पल किंवा इचलकरंजीचं कापड म्हणून एकच रंग मिळत नाही. तेव्हा आपली प्रक्रिया कागदावर पहिल्या टप्प्यापासून लिहून काढा: कच्चा माल कुठून येतो, पाणी कुठे लागतं, काय तापतं, काय धुतलं जातं, शेवटी काय उरतं. बॉयलर आहे का, असल्यास इंधन कोणतं. ही दोन पानं हातात घेऊन यादीतली नोंद शब्दशः जुळवा. सगळ्यात जवळची वाटणारी नोंद उचलून पुढे जाण्याची घाई पुढे फार महाग पडते.

पांढऱ्या गटाला मंडळाकडून संमती घ्यावी लागत नाही. २०१६ पासून फक्त लेखी कळवणं पुरेसं होतं, ते मंडळाच्या निर्देशांवर होतं. १२ नोव्हेंबर २०२४ च्या केंद्राच्या अधिसूचनांनी त्याला कायद्याचा आधार मिळाला. त्याच दिवशी आणखी एक सवलत आली: ज्या प्रकल्पाने पर्यावरण मंजुरी, म्हणजे ईसी, घेतली आहे त्याला वेगळी स्थापना संमती, म्हणजे बांधकामाआधीची मंडळाची संमती, नको. दोनदा तीच कागदपत्रं तपासण्याचा फेरा वाचला, हे चांगलंच झालं.

पण पांढऱ्या गटातल्यांना एक कळकळीची विनंती. कळवायचं पत्र द्याच, आणि त्याची पोच फाइलला लावा. सूट ही कळवण्याच्या अटीवर आहे. आणि संमती नको म्हणजे बाकीचे कायदे नकोत असं होत नाही. ऑइलचे डबे, खराब बॅटऱ्या, ई-कचरा, जनरेटरचा आवाज, यांचे नियम सगळ्यांना तेच.

पायरी ३: जागा विकत घेण्याआधी नकाशा बघा

रंग कळला की जागा. डहाणू तालुक्यात जागा स्वस्त मिळतेय म्हणून कुणी लाल गटातला उद्योग काढायला निघाला तर तिथेच थांबावं लागेल. २० जून १९९१ च्या केंद्राच्या अधिसूचनेने तिथे लाल गटातल्या उद्योगांना बंदी आहे आणि अख्ख्या तालुक्यात उद्योगांखालची जमीन ५०० एकरांपुरती मर्यादित केली आहे. महाबळेश्वर-पाचगणी आणि माथेरान हेही संवेदनशील क्षेत्रं आहेत. किनाऱ्यालगत २०१९ ची सीआरझेड, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्राची, अधिसूचना. अभयारण्यांभोवतीचे पट्टे वेगळेच.

याउलट नद्यांपासूनच्या अंतराचं बंधन. राज्याचं नदी नियमन क्षेत्र धोरण २००० मध्ये आलं, २००९ मध्ये सुधारलं आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये रद्द झालं. नदीपासून अमुक किलोमीटरात अमुक रंगाचा उद्योग नको, ही अट त्यासोबत गेली. उद्योगांना जागा मोकळ्या झाल्या हे खरं. पण पंचगंगेकाठी राहणाऱ्यांनी २०१२ मध्ये इचलकरंजीतली काविळीची साथ बघितली आहे. अंतराचा नियम गेला तरी सांडपाण्याचं काय करणार हा प्रश्न तसाच आहे. फक्त उत्तर द्यायची जबाबदारी आता नकाशावर न राहता तुमच्या ईटीपीवर, म्हणजे कारखान्यातल्या सांडपाणी प्रक्रिया यंत्रणेवर, आली आहे.

एमआयडीसीत प्लॉट घेत असाल तर तीन गोष्टी विचारा. तिथे सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्र, म्हणजे सीईटीपी, आहे का? त्याची क्षमता शिल्लक आहे का? आणि ते तुमच्या प्रकारचं पाणी घेतं का? तिसरा प्रश्न फार कमी लोक विचारतात. त्याशिवाय त्या परिसराचा प्रदूषणाचा दर्जा काय तेही बघा. केंद्रीय मंडळाने २००९ मध्ये औद्योगिक पट्ट्यांना गुण दिले, तेव्हा महाराष्ट्रातले चंद्रपूर, डोंबिवली, औरंगाबाद, नवी मुंबई आणि तारापूर हे पाच अति प्रदूषित ठरले आणि जानेवारी २०१० मध्ये अशा ४३ ठिकाणी नव्या आणि वाढीव प्रकल्पांच्या मंजुऱ्या गोठल्या. २०१८ च्या मोजणीत तारापूर ९३.६९ गुणांवर, देशात सगळ्यात वर होतं. अशा ठिकाणी तुमचं युनिट कितीही स्वच्छ असलं तरी शेजाऱ्यांनी केलेल्या प्रदूषणाच्या अटी तुमच्याही कागदावर येतात. प्लॉटचा दर कमी का आहे, याचं उत्तर कधीकधी इथे सापडतं.

पायरी ४: ईसी लागते का? इथे घाई नको

ईसी आणि कन्सेंट या वेगळ्या गोष्टी आहेत. ईसी १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेखाली. ती ठरावीक प्रकारच्या आणि ठरावीक आकाराच्या प्रकल्पांना लागते: दिवसाला ५,००० टन किंवा जास्त ऊस गाळणारा साखर कारखाना, आसवनी, रसायनं, खाणी, २०,००० चौरस मीटर आणि पुढचं बांधकाम. मोठे प्रकल्प ‘अ’ वर्गात, दिल्लीला जातात. ‘ब’ वर्गातले राज्याच्या पर्यावरण प्राधिकरणाकडे. जनसुनावणी असेल तर ती जिल्हाधिकारी किंवा त्यांचे प्रतिनिधी घेतात, किमान ३० दिवस आधी नोटीस निघते आणि पर्यावरण अभ्यासाच्या अहवालाचा सारांश मराठीतही द्यावा लागतो. तो सारांश कसाबसा उरकून देऊ नका. गावातला माणूस तेवढंच वाचतो, आणि त्यात खरं लिहिलं असेल तर सुनावणीत निम्मा विरोध ओसरतो असा माझा अनुभव आहे.

बदलांचा सगळ्यात मोठा गोंधळ याच पायरीवर आहे, म्हणून जरा थांबून बघू.

२९ जानेवारी २०२५ रोजी केंद्राने एक अधिसूचना काढली. त्यातल्या एका टिपेने औद्योगिक शेड, शाळा, कॉलेजं आणि वसतिगृहं यांना बांधकामाच्या ईसीतून सूट दिली. गोदामं आणि मोठ्या शेड बांधणाऱ्यांना आनंद झाला. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली आणि ५ ऑगस्ट २०२५ च्या निकालात बाकीची अधिसूचना कायम ठेवून ही सूट रद्द केली. आता कल्पना करा, फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात कुणी ३०,००० चौरस मीटरच्या शेडचं काम ईसीशिवाय सुरू केलं असेल. त्याने अधिसूचना वाचली होती, खोटं काही केलं नव्हतं. तरी ऑगस्टमध्ये त्याच्या हातात विनापरवाना इमारत उरते.

दुसरी गोष्ट आधी बांधून नंतर मंजुरी मागण्याची. १४ मार्च २०१७ च्या अधिसूचनेने आणि ७ जुलै २०२१ च्या कार्यालयीन आदेशाने, ईसी न घेता सुरू झालेल्या प्रकल्पांना दंड भरून मागाहून मंजुरी घेण्याची वाट दिली होती. मुंबईच्या ‘वनशक्ती’ संस्थेने त्याला आव्हान दिलं. १६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही रद्द केले; आधीच दिलेल्या मंजुऱ्या तेवढ्या शाबूत ठेवल्या. सहा महिन्यांनी, १८ नोव्हेंबर २०२५ रोजी, तीन न्यायमूर्तींच्या पीठाने दोन विरुद्ध एक मताने तोच निकाल मागे घेतला आणि प्रकरण पुन्हा सुनावणीला लावलं. बहुमताचं म्हणणं असं की सुमारे २०,००० कोटींचे सार्वजनिक प्रकल्प पाडावे लागतील. मे महिन्याच्या निकालात सहभागी असलेले न्यायमूर्ती भुयान यांनी याला तीव्र असहमती नोंदवली.

मला स्वतःला मे महिन्यातली भूमिका पटते. पर्यावरणाचा अभ्यास बांधकामाच्या आधी करतात तो जागा किंवा आराखडा बदलता यावा म्हणून. खांब उभे राहिल्यावर तो अभ्यास फक्त कागद राहतो. पण माझं मत काही असलं तरी नव्या उद्योजकाने एवढं लक्षात घ्यावं: मागाहून मंजुरीची वाट मे महिन्यात बंद झाली, नोव्हेंबरमध्ये अर्धवट उघडली, आणि तिच्या भरवशावर कोट्यवधी रुपये लावणं शहाणपणाचं नाही. २०२० मध्ये अंकलेश्वरच्या तीन औषध-रसायन युनिटना सर्वोच्च न्यायालयाने मंजुरीशिवाय चालवल्याबद्दल प्रत्येकी १० कोटी रुपये भरायला लावले होते.

म्हणून नियम साधा ठेवा. सूट देणारी अधिसूचना आली तर तीन गोष्टी होईपर्यंत कुदळ मारू नका: तिला आव्हान दिलं आहे का हे वकिलाकडून तपासून घ्या, मंडळाच्या किंवा प्राधिकरणाच्या कार्यालयातून ‘तुम्हाला ईसी लागत नाही’ असं लेखी मिळवा, आणि ती अधिसूचना कोणत्या तारखेची, कोणत्या परिच्छेदाखाली, हे तुमच्या अर्जात लिहा. सवलत आपल्याला लागू होत असेल तरी बँकेचा माणूस किंवा पुढे युनिट विकत घेणारा पहिल्यांदा तोच कागद मागतो.

पायरी ५: स्थापना संमती, मग संचालन संमती

बाकीच्यांसाठी दोन टप्पे आहेत. बांधकामाआधी स्थापना संमती, उत्पादनाआधी संचालन संमती. महाराष्ट्रात पाणी, हवा आणि घातक कचऱ्याची परवानगी एकत्रच मिळते. अर्ज ऑनलाइन. स्थापना संमती युनिट सुरू होईपर्यंत किंवा पाच वर्षांपर्यंत, जे आधी असेल तोवर.

फी ठरते भांडवली गुंतवणुकीवर, आणि ती सीएच्या दाखल्यावरून. जमीन, इमारत, मशिनरी सगळं मूळ किमतीने धरायचं, घसारा वजा करायचा नाही. ताळेबंदातला घसारा वजा केलेला आकडा सीएने सवयीने टाकला की अर्ज परत येतो. हे दाखला घेण्याआधी त्यांना सांगून ठेवा.

अर्जात पाण्याचा हिशेब सगळ्यात जास्त वेळा अडकतो. रोज किती पाणी आत येतं, त्यातलं किती उत्पादनात जातं, किती वाफ होतं, किती धुण्यात, किती स्वयंपाकघर-संडासात, आणि बाहेर किती निघतं. बेरीज जुळली पाहिजे. पंधरा घनमीटर आत आणि नऊ बाहेर असेल, तर उरलेले सहा कुठे गेले याचं उत्तर आकड्यात हवं. फील्ड ऑफिसर साइटवर आला की पहिल्यांदा पाण्याच्या मीटरकडेच बघतो.

जल कायद्यात एक तरतूद आहे: पूर्ण अर्ज दिल्यावर चार महिन्यांत मंडळाने काहीच कळवलं नाही, तर संमती मिळाली असं मानायचं. तिच्यावर मशीन चालू करू नका. ‘पूर्ण अर्ज’ या शब्दांवर वाद होतो, आणि मंडळाने एखादी क्वेरी काढली असेल तर तो वाद तुमच्या बाजूने लागेल याची खात्री नसते. उलट चार महिने होत आले की लेखी स्मरणपत्र द्या. नकार आला तर ३० दिवसांत अपील करता येतं. तारीख नोंदवून ठेवा.

पायरी ६: कन्सेंट वाचा, फ्रेम करून लावू नका

हातात आलेला कागद सातबारा वाचतो तसा ओळ न् ओळ वाचावा लागतो. सुरुवातीला मुदत आणि भांडवली गुंतवणूक. त्यानंतर उत्पादनांचा तक्ता: नाव, कमाल प्रमाण, एकक. हा तक्ता म्हणजे तुमच्या परवान्याची हद्द. महिन्याला २० टन लिहिलंय आणि तुम्ही २६ काढलंत, तर सहा टन विनासंमती. मग परिशिष्टं. पहिल्यात सांडपाणी: किती घनमीटर, प्रक्रिया कोणती, बीओडी-सीओडीच्या (पाण्यातली घाण मोजणाऱ्या मापांच्या) मर्यादा, पाणी कुठे सोडायचं. दुसऱ्यात हवा: चिमण्या किती, उंची किती, इंधन कोणतं. तिसऱ्यात बँक गॅरंट्या, प्रत्येकीसमोर रक्कम आणि पूर्ततेची तारीख. चौथ्यात सर्वसाधारण अटी.

दुसऱ्या परिशिष्टात डीजी सेटच्या, म्हणजे डिझेल जनरेटरच्या, चिमणीची उंची असते. तिचं सूत्र: इमारतीची उंची अधिक केव्हीएच्या वर्गमुळाच्या ०.२ पट, मीटरमध्ये. १०० केव्हीएचा सेट असेल तर छतापेक्षा दोन मीटर वर. हा पाइप छताखालीच तोंड करून सोडलेला मी असंख्य ठिकाणी बघितला आहे, आणि नोटीसमध्ये तो हमखास येतो. वेल्डरचं एका दिवसाचं काम असतं ते.

तिसऱ्या परिशिष्टातल्या तारखा त्याच दिवशी कॅलेंडरला टाका. ईटीपी सहा महिन्यांत वाढवण्याची अट असेल आणि ती तारीख हुकली, तर गॅरंटी जप्त होते आणि शिवाय दुप्पट द्यावी लागण्याची वेळ येऊ शकते.

मुदतीबाबत: महाराष्ट्रात सर्वसाधारणपणे लाल गटाला पाच, नारिंगीला दहा आणि हिरव्याला पंधरा वर्षांपर्यंतची संचालन संमती मिळत आली आहे. जानेवारी २०२५ च्या एकसमान संमती मार्गदर्शक तत्त्वांपासून केंद्राचा कल वारंवार नूतनीकरण कमी करण्याकडे आहे. तुमच्या कागदावरची तारीख आणि त्या दिवशीचा नियम, दोन्ही बघूनच नूतनीकरणाचं ठरवा.

पायरी ७: नोंदी आणि सॅम्पल

मी सुरुवातीला म्हटलेला जो बोजा सरकला आहे, तो इथे येऊन बसतो. ईटीपीचं रोजचं रजिस्टर, वीज मीटरचं वाचन, केमिकल खरेदीची बिलं, गाळ किती निघाला, कुणाला दिला. घातक कचरा आवारात ९० दिवसांपेक्षा जास्त ठेवायचा नाही. तो तळोजा, रांजणगाव किंवा बुटीबोरीसारख्या सामायिक केंद्राकडे मॅनिफेस्टसह, म्हणजे कचऱ्यासोबतच्या वाहतुकीच्या कागदासह, जायला हवा. त्याचं वार्षिक विवरण ३० जूनच्या आत, पर्यावरण विवरणपत्र ३० सप्टेंबरच्या आत. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या पर्यावरण लेखापरीक्षण नियमांनी नोंदणीकृत लेखापरीक्षकही आणले आहेत, म्हणजे उद्या तुमच्या दाराशी मंडळाशिवाय दुसराही माणूस उभा राहू शकतो आणि तो कागदच मागेल.

रजिस्टर एकटाकी लिहिलेलं ओळखू येतं. महिनाभर एकाच शाईत, एकाच हातचं, रोज पीएच ७.२. खऱ्या ईटीपीत पीएच हलतो, सणाच्या दिवशी पाणी कमी असतं, पंप बिघडतो. बिघाडाची नोंद करायला ऑपरेटर घाबरत असेल तर त्याला सांगा की ती नोंद तुमच्या बाजूने बोलते. पंप बंद पडला, किती वाजता, पाणी कुठे साठवलं, केव्हा दुरुस्त झाला.

मंडळाचे लोक जेव्हीएस, म्हणजे सांडपाण्याचा तपासणी नमुना, घ्यायला येतात तेव्हा जल कायद्याच्या कलम २१ मधली पद्धत तुम्हाला माहीत असू द्या. नमुना घेण्याची नोटीस तुम्हाला द्यायची असते. नमुना तुमच्यासमोर दोन भागांत करायचा, बाटल्या सीलबंद करायच्या, त्यांवर दोघांच्या सह्या घ्यायच्या. दुसरा भाग प्रयोगशाळेकडे पाठवा अशी विनंती करण्याचा हक्क तुमचा आहे. त्या वेळी मालक गावाला आणि सुपरवायझर ‘मला काही माहीत नाही’ म्हणत सही करून मोकळा, असं होऊ देऊ नका. त्या दिवशी काय चालू होतं, कोणती बॅच होती, हे त्याच संध्याकाळी लिहून ठेवा. नमुना घेणारा माणूस शत्रू नाही. खाली नदीवर पाणी भरणाऱ्यांच्या वतीने तो आला आहे.

पायरी ८: दंडाचा हिशेब

पर्यावरण संरक्षण कायद्यात पूर्वी पाच वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होतं. आता तिथे अधिनिर्णय अधिकारी, म्हणजे शास्ती ठरवायला नेमलेला अधिकारी, दहा हजारांपासून १५ लाखांपर्यंत शास्ती लावतो, आणि चूक चालूच राहिली तर रोजचे दहा हजार वेगळे. कोर्टाचे खेटे वाचले, पण एक लाखाची कमाल गेली आणि अधिकाऱ्याला आरोप निःसंशय सिद्ध करत बसायची गरज उरली नाही. त्यावर अपील हरित न्यायाधिकरणात.

‘जेल गेली’ हे पाण्याच्या बाबतीत विशेष जपून बोला. २०२४ च्या जल दुरुस्तीने इतर अनेक कलमांत शास्ती आणली, पण संमतीशिवाय उद्योग उभारला तर दीड ते सहा वर्षांची कैद तशीच ठेवली. आणि शास्ती भरली नाही तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

याच्या बाहेर पर्यावरण भरपाई. केंद्रीय मंडळाचं सूत्र गुणाकाराचं आहे: गटाचा निर्देशांक, दिवस, रुपयांचा गुणक, उद्योगाचा आकार, आणि गावाची लोकसंख्या. नारिंगीला ५०, गुणक साधारण २५०, लहान उद्योगाला ०.५, दहा लाखांखालच्या गावाला १. म्हणजे दिवसाला ६,२५०. उल्लंघन ९० दिवस मोजलं तर ५ लाख ६२ हजार ५०० रुपये. हिरव्या गटातल्या लहान युनिटचा गुणाकार ३,७५० येतो, पण दिवसाला किमान ५,००० धरतात. यात मुख्य आकडा दिवसांचा. उल्लंघन आढळल्यापासून मंडळाने दुरुस्तीची खात्री करेपर्यंतचा प्रत्येक दिवस मोजला जातो, म्हणून उत्तराचा मसुदा घोळवत बसण्याआधी गळती थांबवा आणि थांबवल्याचे तारखेसह फोटो मंडळाला पाठवा. ४ ऑगस्ट २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने राज्य मंडळांना अशी भरपाई वसूल करण्याचा अधिकार मान्य केला आहे, मात्र त्यासाठी नियम केलेले हवेत असंही सांगितलं.

पायरी ९: बदल करण्याआधी विचारा

युनिट चालायला लागलं की ऑर्डर वाढते, नवं उत्पादन येतं, फर्नेस ऑइलऐवजी ब्रिकेट (भुशाचे दाबलेले ठोकळे) जाळावंसं वाटतं, शेजारचा प्लॉट मिळतो. यातल्या प्रत्येक गोष्टीने कन्सेंटचा कागद जुना होतो. गुंतवणूक दहा टक्क्यांच्या आत वाढली आणि उत्पादन किंवा प्रदूषणाचा भार वाढला नसेल, तर स्वयंघोषणेवर आपोआप नूतनीकरणाची सोय महाराष्ट्रात आहे. त्यापलीकडे सुधारित संमती घ्यावी लागते. ईसी असलेल्या युनिटने उत्पादनांची यादी बदलली आणि प्रदूषणाचा भार वाढला नाही, तर मार्च २०२१ च्या दुरुस्तीनुसार नवी ईसी नको. पण भार वाढला नाही हा दाखला मात्र हवा, आणि तो बदल करण्याआधी.

नियम कळत राहण्यासाठी मंडळाचं संकेतस्थळ, केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाचं ‘परिवेश’ पोर्टल आणि भारताचं राजपत्र एवढं पुरे. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या पत्रकावर क्रमांक आणि तारीख आहे का ते बघा. नसेल तर राजपत्रात शोधा, सापडेपर्यंत त्यावर खर्च करू नका. वर्षातून एकदा, सप्टेंबरचं पर्यावरण विवरणपत्र भरतानाच, कन्सेंटचा तक्ता आणि प्रत्यक्ष उत्पादनाचं रजिस्टर शेजारी ठेवून ओळीने ताडून बघा. फरक दिसला तर त्याच आठवड्यात सुधारित संमतीचा अर्ज टाका आणि विवरणपत्रात खरा आकडाच भरा, कारण ही दोन्ही कागदं शेवटी त्याच उपप्रादेशिक कार्यालयात एका फाइलला लागतात.